सांडणीचं नाव

आम्हा पुणेकरांना नावं ठेवायला सांगा, अंघोळीच्या आत शंभर ठेवून दाखवू. शेजाऱ्याच्या सुनेला ठेवू, तिच्या आमटीला ठेवू, कात्रजहून हौदात येणाऱ्या पाण्याला ठेवू, आणि कोणी त्या पाण्याचं कौतुक केलं तर कौतुकालाही ठेवू. पण स्वतःच्या बायकोचं नाव घ्या म्हटलं की आमची जीभ टाळ्याला चिकटते. नवऱ्याने हाक मारायची ती 'अगं' नाहीतर 'ऐकलंस का'. फारच प्रेम उतू चाललं तर 'कुठे आहेस?' बायकोने म्हणायचं 'अहो'. एवढ्या चार शब्दांवर आमच्याकडे संसार उरकतात, आणि बरे उरकतात. माझाही चौदा वर्षं उरकला. या नाव न घेण्यापायी मी एकदा मारवाडच्या वाळवंटात मरता मरता वाचलो. आता म्हातारा झालो, लाज वाटायचं वय गेलं, म्हणून लिहितो.

मी सरकारी दफ्तरात कारकून होतो. आलेल्या कागदांच्या नकला करायच्या, रुमालात बांधायच्या, मागितल्या की सोडायच्या, परत बांधायच्या. घर कसब्यात, दोन खोल्यांचं. लग्न झालं तेव्हा मला मिसरूडही फुटलं नव्हतं. पंगतीत नाव घ्यायची वेळ आली. नवरीने माझं नाव घेतलं, एका दमात, यमक जुळवून, घास न सांडता. मग सगळ्या बायका माझ्याकडे वळल्या. मी जिलबीकडे बघत बसलो. फारच मागे लागल्या तेव्हा नुकतीच मोडी शिकल्याच्या गुर्मीत म्हणालो, "लिहून देतो."

मांडवात असा हशा पिकला की विचारू नका. ते 'लिहून देतो' पुढे जन्मभर माझ्या मागे लागलं. दर संक्रांतीच्या हळदीकुंकवाला ती माझ्या नावाचा नवा उखाणा रचायची आणि घरी येऊन विचारायची, "आमचा झाला. तुमचं कुठवर आलं? शाई वाळली का?" मी पगडी उचलून दफ्तराची वाट धरायचो. माझी फजिती करण्यात तिला कसला आनंद मिळे देव जाणे, पण मिळे खरा, आणि मलाही तो दिसायला हवा असे. हे मात्र मी तिला कधी सांगितलं नाही.

भाद्रपदात तिला ताप आला. सात दिवस उतरला नाही. सातव्या दिवशी दुपारी तिने डोळे उघडले. खोलीत वैद्यबुवा होते, तिचा भाऊ आणि भावजय होती, शेजारच्या दोघी होत्या. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "एकदा हाक मारा की."

तिला काय हवं होतं ते मला समजलं. मी आजूबाजूला पाहिलं आणि हळूच म्हणालो, "अगं, लोक आहेत."

ती म्हणाली, "बरं." दिवे लागायच्या आत गेली.

पुढचे दिवस मला नीट आठवत नाहीत. समाचाराला येणारे तेवढे आठवतात. पुण्यात दुःख झालं की माणसाला एकटं सोडत नाहीत. दुःख कसं करावं हे समजावून सांगायला पेठेपेठेतून जाणकार येतात. एकजण म्हणाले, "रडून घ्या." दुसरे म्हणाले, "रडू नका, मुलगी बघते आहे." तिसऱ्यांनी तेराव्याचे लाडू खाऊन, हात धुता धुता, त्यांच्या भाचीचं स्थळ सांगितलं. वैद्यबुवांनी काढे दिले, ते इतके कडू की दोन घटका दुःखाचा विसर पडे, पण तो काढ्याचा गुण नव्हता, चवीचा होता. रडू मात्र मला आलं नाही. 'अगं, लोक आहेत' हे माझेच शब्द घशात अडकल्यासारखे झाले होते. त्यांच्या पलीकडून काही बाहेर येईना.

आमची मुलगी तेव्हा सहा वर्षांची होती. आवाज हुबेहूब आईचा. सकाळी ती पलीकडच्या खोलीत बाहुलीशी बोलायला लागली की मी पांघरूण डोक्यावरून ओढून घेई. ती जवळ आली की मी उठून बाहेर जाई. हे बरोबर नाही एवढं समजत होतं, पण मी जातच राहिलो. शेवटी वर्षश्राद्ध उरकल्यावर माझा मेहुणा, म्हणजे तिचा मामा, तिला न्यायला आला. तो मुठेपलीकडे कोथरूडला राहायचा, थोडी आमराई होती, मूलबाळ नव्हतं. माणूस सरळ, पण बोलणं आमच्या गावचं. म्हणाला, "पोरीला आम्ही सांभाळतो. आमच्या घरात तिला फार जीव लावतात. पण पोरीला टांगून ठेवू नका. पुढच्या वर्षी आंबे उतरायच्या आत काय ते सांगा. तुमची तर तुमची, आमची तर आमची."

त्यात मला वाईट वाटण्यासारखं काही नव्हतं. ती गेली, घर शांत झालं, आणि मला हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्याची लाज मला आजही वाटते. वर म्हटलं ते वयाचं इथे लागू नाही.

त्याच दसऱ्याला एक पथक मारवाडकडे निघालं. त्यांना लिहिणारा माणूस हवा होता. मी म्हटलं, मी जातो. दफ्तरातल्यांनी एकमेकांकडे पाहिलं. पर्वतीच्या पायऱ्या चढताना चार ठिकाणी बसणारा माणूस मी. पण नकलेत एकच ओळ चारदा लिहिणारा कारकून दफ्तरातून जातो म्हटल्यावर कोणी फार आग्रहाने अडवलंही नाही.

नागोरच्या बाजूला आमची छावणी पडली होती तेव्हा फाल्गुन लागला. वाळूपलीकडच्या एका ठाण्यात एक पत्र पोचवायचं होतं, चार दिवसांची वाट. नेहमीचा स्वार तापाने अंथरुणाला खिळलेला. मी पुन्हा म्हटलं, मी जातो. पथकाचे मुख्य साताऱ्याकडचे, मनमोकळे गृहस्थ. मला वरपासून खालपर्यंत न्याहाळत म्हणाले, "एकटे? कारकून, तिथं सावली शोधायची तर सोतःचीच हाय."

मी म्हटलं, "पुरेल."

मला खरंच ती जागा हवी होती. जिथे कोणी 'मग, कसं काय?' असं मान वाकडी करून विचारणार नाही. शिवाय मुलीचं ठरवायचं होतं. खरं सांगायचं तर ठरल्यासारखंच होतं: मामाकडे देऊन टाकायची. चार दिवस एकट्याने चालून तो निर्णय फक्त पक्का करायचा, एवढंच बाकी होतं.

छावणीजवळ एक म्हातारा रबारी उंट राखून होता. सांडणी, म्हणजे स्वारीची उंटीण, त्याच्याकडूनच घ्यायची होती. त्याने एक पुढे आणली. उंच, अंगाने सडपातळ, पापण्या लांब, आणि तोंडावर असा भाव की हिने मला आधीच जोखलं आहे आणि फारसं काही हाती लागलेलं नाही. म्हातारा त्याच्या बोलीत, मला समजेल असं सावकाश बोलला. "पंडतजी, ही वाट जाणते. सकाळी सूर्य पाठीवर, दुपारी तोंडावर, रोज एक विहीर. तुम्ही काही करायचं नाही. फक्त हिला नावाने हाक मारायची. नावाशिवाय ही कोणाचं ऐकत नाही."

"नाव काय?"

त्याने नाव सांगितलं.

ते माझ्या बायकोचं नाव होतं. एका नदीचं नाव आहे, इथून तिथवर घरोघरी ठेवतात, त्यात नवल काही नाही. पण माझ्या तोंडचं पाणीच पळालं. मी विचारलं, "दुसरी सांडणी नाही का?"

"आहे की," म्हातारा म्हणाला. "ती चावते."

मी त्या दुसरीकडे पाहिलं. तिने माझ्याकडे पाहिलं. मग मी मुकाट्याने पहिलीवर बसलो.

पहिले दोन दिवस मी निभावून नेले. नाकातल्या वेसणीची दोरी होती. ती ओढली की सांडणी उठे, सैल सोडली की बसे, उठता बसता मला दर वेळी पुढे-मागे फेकून देई, पण ते तिच्या स्वभावात होतं. नाव घ्यायची गरजच पडली नाही. मी म्हणे, "अगं, चल आता." ती माझ्याकडे ढुंकून बघत नसे. मग दोरी.

बाकी हाल विचारू नका. पुण्याहून निघताना अंघोळ चुकवणार नाही असा माझा बाणा होता. वाळूत पाणी चामड्याच्या पिशवीत, तेही पिण्यापुरतं. शास्त्रात पाणी नसेल तेव्हा मंत्रस्नान सांगितलं आहे, म्हणजे नुसते मंत्र म्हणायचे आणि अंघोळ झाली असं समजायचं. मी समजलो. सांडणी मात्र समजली नसावी, कारण तिसऱ्या दिवसापासून ती वाऱ्याची दिशा बघून माझ्याकडे पाठ करून उभी राहायला लागली. बरोबर दशम्या होत्या, वाळून पाटीसारख्या झालेल्या. बैठकीचं जे झालं ते लिहिण्यासारखं नाही.

एक गोष्ट मात्र होत होती. मी बोलत होतो. पुण्यात सहा-सहा महिने हो-नाहीपलीकडे न बोललेला मी, त्या उंटिणीला दिवसभर काहीबाही सांगत होतो. "अगं, हे बघ, इकडे एक झाड आहे. अगं, तुला सांगतो, आमच्या दफ्तरात एकजण आहेत, त्यांचा तपकिरीचा डबा..." दुसऱ्या दिवशी संध्याकाळी विहिरीपाशी माझ्या ध्यानात आलं की मी घरी जसा बोलायचो अगदी तस्साच बोलतो आहे. त्याच आवाजात, तीच दफ्तरातली गाऱ्हाणी. फक्त मध्येच "पुरे झालं, हात धुवा" असं म्हणणारं कोणी नव्हतं. मी तिथेच थांबलो आणि सगळी संध्याकाळ गप्प बसलो.

तिसऱ्या दिवशी दुपारी एका खेजडीच्या झाडाखाली उतरलो. सांडणीला चरता यावं, पण लांब जाता येऊ नये, म्हणून तिच्या पुढच्या पायांना दोरीचा पायबंद घालायचा असतो. वेसणीची दोरी तोपर्यंत मानेवर टाकून ठेवायची. पायबंद मी रोज घालत होतो, पण आधीच्या दोन मुक्कामांना विहिरीवरच्या माणसांनी माझी गाठ हसून सोडली होती आणि स्वतःची मारली होती. आज मीच होतो. आता कारकून गाठ कोणती मारणार? बारा-तेरा वर्षं दफ्तराचे रुमाल बांधलेला हात! रुमालाला सुरगाठच मारायची असते, वरिष्ठांनी कागद मागितला की एका झटक्यात सुटायला हवी. मी उत्तम, सुबक, एका झटक्यात सुटणारी सुरगाठ मारली, तिच्याकडे कौतुकाने पाहिलं, आणि डोळा लागला.

जागा झालो तेव्हा झाडाखाली मी, माझा तांब्या आणि दोरी. तांब्या रिकामा. पाणी, दशम्या आणि सरकारी पत्र सांडणीच्या पाठीवर, आणि सांडणी दोन शेतांएवढ्या अंतरावर एका वाळूच्या उंचवट्यावर उभी राहून माझ्याकडे बघत रवंथ करत होती.

मी तिच्याकडे चालत गेलो. ती तेवढीच पुढे गेली. मी पळालो. तीही पळाली, तेही सावकाश, मला लाजवायला पुरेल एवढीच. मी थांबलो, ती थांबली. विहीर अजून पाच कोस पुढे होती आणि ती कुठल्या बाजूला हे फक्त तिला ठाऊक होतं. तेव्हा मात्र माझी पाचावर धारण बसली.

मी ओरडलो, "अगं ए!" तिने कान हलवला. "अगं, ऐकलंस का!" काही नाही. "इकडे ये!" काही नाही. मग, हे लिहिताना हसू येतं, मी दोन्ही हात जोडून म्हणालो, "अहो बाई!" तिने तोंड फिरवलं आणि चालायला लागली.

नजर पोचेल तिथवर एक माणूस नव्हता. एकही नाही. तरी मी आधी मागे वळून पाहिलं. असा माझा स्वभाव. मग तोंड उघडलं आणि तिचं नाव घेतलं. पहिल्यांदा नुसता श्वास निघाला. दुसऱ्यांदा आवाज फाटला. तिसऱ्यांदा मी ओरडलो, छातीच्या तळापासून, पाण्यासाठी नव्हे, सरकारी पत्रासाठी नव्हे, उंटिणीसाठी तर नव्हेच. चौदा वर्षांत एकदाही नाही आणि आता थांबताच येईना. मी वाळूत गुडघ्यांवर बसलो आणि नाव घेत रडत राहिलो. लहान मुलासारखा, नाक गळेपर्यंत. माफ कर म्हणालो. लोक असू देत म्हणालो. लोक गेले खड्ड्यात म्हणालो. जे तेव्हा म्हणायला हवं होतं ते सगळं म्हणालो, आणि ऐकणारं माणूस जगात नव्हतं.

किती वेळ गेला सांगता येत नाही. डोक्यावर गरम श्वास लागला. वर पाहिलं तर सांडणी मान खाली घालून उभी. तिला माझी दया आली होती असं मला वाटत नाही. तिला नावाने हाक मारली आणि ती आली, एवढंच. मी तिच्या मानेला मिठी मारली. वास भयंकर होता. माझा तिला आणि तिचा मला, फिटंफाट झाली.

पुढचा दीड दिवस मी तिला नावाने हाक मारत गेलो. उगीचच मारायचो. ती बिचारी दर वेळी कान हलवायची. पत्र पोचलं. पण मुलीला देऊन टाकायचा जो निर्णय पक्का करायला मी निघालो होतो, तो कुठे गेला ते शोधूनही सापडेना. मला मुलगी हवी होती. भूक लागावी तशी हवी होती. फक्त आता तिला मी हवा असेन का, हे मात्र कोणी सांगू शकत नव्हतं.

पुण्यात पोचलो तेव्हा वैशाख निम्मा सरला होता. घरी पगडीसुद्धा न काढता मी नदी ओलांडून कोथरूडला गेलो. आमराईत झाडाखाली आंब्यांच्या राशी पडल्या होत्या. मेहुणा आढी लावत होता. मला पाहून म्हणाला, "आलात? आंबे उतरले." एवढंच. पण त्या दोन शब्दांत सगळं होतं. त्याची बायको पुढे आली, आणि तिच्या पदरामागे माझी मुलगी. एक दात पडलेला. उंच झालेली. मला बघून ती आणखी मागे सरकली.

मी तिला बोलावलं नाही. धीर होईना. मेहुण्यासमोर बसलो आणि सांडणीची हकीकत सांगायला लागलो. चावणाऱ्या उंटिणीपर्यंत आलो तेव्हा मुलगी पदराच्या बाहेर आली होती. मंत्रस्नानाला ती हसली. सुरगाठीपर्यंत येतो तोवर ती माझ्या गुडघ्यापाशी बसलेली.

"मग तिला काय हाक मारलीत?"

मी नाव सांगितलं. मोठ्याने, मेहुण्यासमोर, त्याच्या बायकोसमोर. मेहुण्याचा हात आंब्यावर थांबला. त्याने मान वर केली नाही.

मुलगी म्हणाली, "हे तर आईचं नाव!"

"हो."

"तुम्ही आईलाही अशी हाक मारायचात?"

"नाही."

"का?"

जन्मभर कागदांवर सबबी लिहिल्या होत्या, त्यातली एकही कामाला आली नाही. मी म्हणालो, "चुकलं माझं."

तिने थोडा वेळ विचार केला. ही खोड आईची. मग शांतपणे म्हणाली, "मला पण तुम्ही हाक मारत नाही. आई गेल्यापासून एकदाही नाही मारली. मी मोजत होते."

माझ्या ते ध्यानातही आलं नव्हतं. मी तोंड उघडणार तो ती उठली. "थांबा, इथून नाही," म्हणाली, आणि परकर सावरत आमराईच्या पार दुसऱ्या टोकाला पळाली, शेवटच्या झाडामागे दिसेनाशी झाली. तिथून ओरडली, "आता मारा!"

मी उभा राहिलो आणि माझ्या मुलीला नावाने हाक मारली.

"ओऽ!"

आवाज आईचाच होता. मी कुठेही पळालो नाही. मेहुणा खालमानेने बायकोला म्हणाला, "पोरीचं गाठोडं बांध." तिने डोळ्यांना पदर लावला आणि घरात गेली. तिचं काय जात होतं ते मला समजत होतं, पण त्या वेळी मला त्याचं काही करता आलं नाही. मुलगी झाडामागून बाहेर आली नव्हती. ती अजून वाट बघत होती. मी पुन्हा हाक मारली.